कोरड्या चादरी

गोंदियाजवळच्या मुर्री गावाच्या पुढे, धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या वृद्धाश्रमात मी व्यवस्थापक म्हणून रुजू झाले, तेव्हा सगळ्यात आधी जाणवला तो बायकांच्या दालनातला लघवीचा वास. त्याआधी मी गोंदियातल्या एका खासगी दवाखान्याच्या ऑफिसात होते. माणसांकडून काम कसं करून घ्यायचं हे आपल्याला येतं, असा माझा समज होता.

मी दालनाबाहेर एक फळा लावला आणि त्यावर सेविकांची नावं लिहिली. सकाळी जिच्या वाट्याच्या खाटांवर ओली चादर निघेल, तिच्या नावापुढे रेघ. आठवडाभर रेघ नसेल, तर चहाच्या वेळी सगळ्यांसमोर तिचं कौतुक. दोन महिन्यांत फळा कोरा राहू लागला. दालनात फक्त फिनाईलचा वास येऊ लागला. संस्थेची समिती पाहायला आली, तेव्हा अध्यक्षांनी मला शाबासकी दिली. त्या दिवशी मी घरी जिलेबी नेली.

समितीत एक निवृत्त मेट्रन होत्या. सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. आश्रमावर देखरेख ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. पंधरवड्यातून एकदा, कुठल्याही दिवशी, न कळवता त्या ऑटोने यायच्या. मी रजिस्टरं काढून ठेवायची. त्या ती जरा चाळून बाजूला सारायच्या आणि कुणाच्या तरी खाटेवर जाऊन बसायच्या. कुणाची नखं काप, कुणाच्या डोक्याला तेल लाव. वेळ जात नाही म्हणून येत असाव्यात, असं मला वाटायचं.

मे महिन्यात एका सकाळी कामठा गावाकडची एक आजी बेसिनपाशी चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं. अंगातलं पाणी फार कमी झालंय, लघवीचं इन्फेक्शनही आहे, असं डॉक्टर म्हणाले. इतक्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना पाणी देत नाही का तुम्ही, हा त्यांचा प्रश्न मला झोंबला.

आश्रमात परत येऊन मी त्या आजीच्या सेविकेला ऑफिसात बोलावलं. मुर्रीचीच बाई, कामाला वाघ. ती मान खाली घालून उभी राहिली. ते पाहून मी आणखीच चिडले आणि तिच्या नावाची नोटीस लिहायला घेतली. तेवढ्यात बातमी कळून मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी कागद वाचला, घडी करून माझ्या हातात दिला.

"सही नंतर करा," त्या म्हणाल्या. "आधी आजीला विचारून येऊ."

दवाखान्यात आजीला सलाईन लावली होती. सिस्टर तिच्याशी आधी शेताचं बोलल्या, लेकीचं बोलल्या. मग सहज विचारलं, की पाणी प्यायला आवडत नाही का.

"पानी पेलं का लघवी लागते," आजी म्हणाली. "उठाले गेलं त पाय लटपटते. अंथरून ओलं झालं का त्या पोरीच्या नावानं रेघ पडते. लय चांगली पोरगी हाये थे. मंग कायले पेऊ?"

परतताना ऑटोत सिस्टर काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. वाटेत एका टपरीवर थांबून त्यांनी मला चहा पाजला.

आश्रमात आल्यावर मी फळा पुसला, नोटीस फाडली. सेविकेला म्हणाले की चूक माझी होती, माफ करा. मग तिने सांगितलं. दुपारी चारनंतर खाटांजवळचे पाण्याचे ग्लास उचलले जात. एकटी तीच नाही, सगळ्याच उचलत. काही आज्या तर आपणहून नको म्हणत. माझ्या माफीचं तिने फार काही केलं नाही. सरळ म्हणाली, "मॅडम, मंग रातच्याले अजून एक बाई लागल."

समितीच्या बैठकीत हे मीच सांगायचं, असं सिस्टरनी बजावलं होतं. मी सांगितलं. एक सदस्य म्हणाले, मग व्यवस्थापक बदलायला हवा. मी मनातल्या मनात टेबल आवरायला लागले होते.

"मी दर पंधरवड्याला जात होते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "माझी देखरेख होती आणि मलाही ते ग्लास उचललेले दिसले नाहीत. बदलायचं असेल तर आधी मला बदला."

त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. सिस्टरनी मागणी मांडली: रात्रीसाठी एक जास्तीची बाई, संडासापर्यंत भिंतीला धरायला दांडे, रबरी चादरी. सगळं मंजूर झालं. माझ्यावर अनेकांनी उपकार केलेत, पण माझ्या चुकीत स्वतःचं नाव घालणारं माणूस मला तेव्हा पहिल्यांदा भेटलं. आज मी जे काही बरं काम करते, ते त्या एका वाक्याच्या आधारावर.

आठेक दिवसांनी आजी परत आली. मी रोज दुपारी रजिस्टर न घेता तासभर दालनात बसू लागले. पहिले काही दिवस कुणी मोकळं बोलेना. सगळं छान आहे, एवढंच. मग एके दिवशी आजीनेच सुरुवात केली.

"भात कच्चा राह्यते तुमचा. आमी धान पिकवनारे लोकं, आमाले असा भात चारता?"

मी बाहेर येऊन सिस्टरना फोन केला आणि ती तक्रार शब्दशः ऐकवली. त्या बराच वेळ हसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही स्वतः खाऊन पाहिला का?"

मी स्वयंपाकघरात गेले, पातेल्यातला घासभर भात तोंडात टाकला. खरंच कच्चा होता.