कण्हेरीच्या बादलीतलं पाणी

"बाई, ही ओलिअँडर पॉयझनिंगची केस आहे," गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. म्हणजे कण्हेरीची विषबाधा. "काळीज धड चालत नाही हिचं. दोन ठोके पडतात, तिसरा हुकतो. उद्या सकाळपर्यंत तगली तर वाचेल."

ही म्हणजे शबा, माझी मांजर. दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरचा पहिला उन्हाळा, ईस्टरच्या आधीचा शनिवार. मी नगरला मिशनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. तुमच्याकडे मांजर असेल आणि फुलांची हौस असेल, तर नीट वाचा. गोड करून सांगायची मला सवय नाही.

ईस्टरला चर्चची वेदी सजवायचं काम दर वर्षी माझ्याकडे. नगरच्या उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, तिथे गुलाब कुठले! कंपाउंडात फुलते ती कण्हेर. गुरुवारी कळ्यांच्या फांद्या तोडून बादलीभर पाण्यात उभ्या केल्या, की रविवारपर्यंत झकास उमलतात. कण्हेर विषारी हे काय मला ठाऊक नव्हतं? शाळेतल्या पोरींना मीच दटावायचे. पण मांजर थोडंच फांदी चावतंय, असं मी धरून चालले. फांद्या ज्यात उभ्या ते पाणीही विषारी होतं, हे डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी दुपारी चर्चमधून आले तर शबा बादलीशेजारी ओकलेली. तोंडातून लाळेच्या तारा. "पाल खाल्लीस ना, मेले!" म्हणून मी तिला धपाटा घातला आणि फरशी पुसली. शनिवारी उजाडलं तर तिला उभं राहवेना. तेव्हा कुठे माझं धाबं दणाणलं.

पदरात गुंडाळून टांग्याने नेली. दवाखान्याच्या आवारात बैल, म्हशी, एक शेळी. बैल घेऊन आलेला एक शेतकरी वाकून बघत म्हणाला, "आमाला वाटलं बाळ हाय. मांजर व्हय? अवो, लई फिरत्यात रस्त्यानं. दुसरं उचला की!" सगळे खो खो हसले. आमचा नंबर लागायला दोन तास गेले.

डॉक्टर हसले नाहीत, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. बादलीची हकीकत त्यांनी नीट ऐकून घेतली. "एमिटिक देऊन आता उपयोग नाही," ते म्हणाले. एमिटिक म्हणजे ओकारीचं औषध. कंपाउंडरने पाय दाबून धरले, मी जबडा फाकवला आणि कोळशाची पूड पाण्यात कालवून तिच्या घशात ओतली. तिने माझ्या अंगठ्यात दात रुतवले. बरं केलं.

"फुलांच्या पाण्यावर का तुटून पडली ही?" डॉक्टरांनी विचारलं. "घरात प्यायला ठेवत नाही का?"

"ठेवते की," मी म्हणाले.

दिवेलागणीला शबा गेली. मांडीवरसुद्धा राहिली नाही. सरपटत चुलीमागे गेली आणि माझ्याकडे पाठ करून आचके देत मेली.

फांद्या मी खड्ड्यात पुरल्या. रविवारी वेदी उघडी बघून पाळकीणबाई, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या पत्नी, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एका मांजरापायी सणाचा विचका केलात, बाई!"

तेव्हापासून कण्हेर, रुई, धोतरा यांतलं काही मी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. तुम्हीही आणू नका. फुलांचं पाणी झाकून ठेवते म्हणाल, तर झाकण सरकतं. आणि मांजराची वाटी कधी रिकामी ठेवू नका.

कारण डॉक्टरांना मी खोटं सांगितलं होतं. शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमचा कडक उपास, उपासना संपेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. माझ्या घरात उपास म्हणजे सगळ्यांना, या तोऱ्यात सकाळीच मी शबाची वाटी पालथी घातली आणि जाताना बाहेरून कडी लावली. चर्चमध्ये पाळकसाहेब क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या तहानेवर बोलले, तेव्हा मी पदराने डोळे पुसले. तीन तासांनी घरी आले आणि आधी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. शबाकडे त्यानंतर पाहिलं.