सविताचे जंतू, गज्याचे जंतू

लॅबमधले नमुने काम झालं की आम्ही नष्ट करतो. किश्शांची तशी सोय नाही. ते साठत जातात आणि कोणी जुना ओळखीचा चहाला आला की बाहेर पडतात.

नव्वदच्या दशकात जालन्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये मी मायक्रोबायोलॉजिस्ट म्हणून लागले. आम्ही तिघं. लॅबचे मालक डॉक्टर, म्हणजे सर, जुने टेक्निशियन शेखभाई, आणि मी. पेशंटच्या थुंकीतले जंतू प्लेटवर वाढवायचे आणि कोणतं औषध त्यांना मारतं ते बघायचं. आधी लाडानं पाळायचं, मग मारायचं!

*

स्यूडोमोनास नावाचा जंतू प्लेटवर हिरवा रंग सोडतो आणि त्याला पिकल्या द्राक्षांसारखा वास येतो. शेखभाई इन्क्युबेटर उघडूनच सांगायचे, "मॅडम, आज अंगूर आले!" सर ओरडायचे, "नाकानं निदान करू नका!"

एका सकाळी लॅबभर तो वास. शेखभाईंनी एकेक प्लेट तपासली, टेबलं फिनाइलनं पुसली, मला मास्क लावायला लावला. प्लेटांमध्ये काहीच नाही. दुपारी सर आले आणि म्हणाले, "अहो, माझ्या टेबलाखाली द्राक्षांची पेटी ठेवलीय, एका पेशंटनं दिली. घेतली की नाही तुम्ही?"

शेखभाईंनी द्राक्षांना हात लावला नाही. आजतागायत खात नाहीत.

*

सविताला आमच्याकडे घेऊन आले तिचे वडील, पिंपळगाव रेणुकाईचे दामूअण्णा. पोरगी नववीत, अंगानं काडी, खोकला जन्मापासून. टीबीची औषधं दोनदा देऊन झाली होती. सरांनी जरा वेगळाच प्रश्न विचारला, "हिचा मुका घेतला तर खारट लागतो का?"

दामूअण्णा चमकले. "आमची माय तेच म्हणायची! पोरगी मिठाच्या बरणीतून काढल्यावानी लागती म्हणून. तुमाला कोणी सांगितलं?"

पुढे मोठ्या शहरात घामाची तपासणी झाली आणि नाव कळलं, सिस्टिक फायब्रोसिस. आईबाप दोघांकडून आलेला दोष. छातीतला कफ चिकट होतो आणि त्यात जंतू कायमचे घर करतात. लहान भावालाही, गज्यालाही, तोच आजार निघाला. फक्त सविताच्या छातीतला तो द्राक्षांच्या वासाचा हिरवा जंतू त्याच्या छातीत अजून शिरला नव्हता.

*

सविताच्या प्लेटवर तीन तऱ्हांचे ठिपके उगवले. काही शेंबडासारखे चिकट, काही चपटे, काही अगदी बारीक. शेखभाईंनी दामूअण्णांना फैलावर घेतलं. "किसका किसका मिलाया इसमें? दुसऱ्या कुणाचा खकारा आणला काय?"

आता दामूअण्णा होते सीड प्लॉटवाले. म्हणजे कंपनीसाठी कापसाचं बियाणं पिकवणारे. आमच्याकडे त्या माणसाला काहीही बोला, पण भेसळ म्हणू नका!

"भेसळ?" ते उभेच राहिले. "माझ्या हातून आजवर बिलकुल भेसळ गेली न्हाई!"

सरांनी त्यांना बसवलं. म्हणाले, "भेसळ नाही हो. एकच जंतू आत शिरला, वर्षानुवर्षं राहिला, आणि त्याची पिलावळ बदलत गेली."

दामूअण्णा विचार करून म्हणाले, "असं होय. आमच्या प्लॉटात येगळं झाड दिसलं की आमी उपटून टाकतो. तुमी काय करता?"

"आम्हाला उपटता येत नाही," सर म्हणाले. "दाबून ठेवतो."

*

गज्याला तो जंतू लागू नये म्हणून सर म्हणाले, "भावंडांना जरा लांब ठेवा."

"किती लांब?"

"लांब म्हणजे... लांब."

"मीटरमधी सांगा, डॉक्टर. दोन वाणांचे प्लॉट जवळ आले तर कंपनी माल नापास करती. आमाला अंतर ठरवून देतात."

शेवटी दामूअण्णांनी घरी जाऊन खोलीच्या मधोमध दोरीवर गोधडी टांगली. इकडं सविता, तिकडं गज्या. गोधडीच्या दोन्ही बाजूंनी गावांच्या नावांच्या भेंड्या चालायच्या म्हणे.

*

तरीही काही महिन्यांनी गज्याच्या प्लेटमधून द्राक्षांचा वास आला. त्या दिवशी शेखभाई "अंगूर आले" म्हणाले नाहीत. प्लेट माझ्यासमोर ठेवली आणि हात धुवायला गेले.

सविताला कळलं तेव्हापासून तिनं गज्याशी बोलणं टाकलं. औषधही टाकलं. आम्ही बोलावून विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, "गोधडीखालून हात घालून मी त्याला बोरं देत होते. माझंच गेलं त्याला. आता औषधं त्यालाच द्या."

तिची आई पदर तोंडाशी धरून रडत होती. मलाही आवरलं नाही. औषधाविना ती पोर किती दिवस काढणार होती?

*

दोघांचे जंतू एकच आहेत का ते बघायला सरांनी ते पुण्याला डीएनए तपासणीसाठी पाठवायचं ठरवलं. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मी पॅसेंजरमध्ये बसले. बदनापूरला गाडी खच्चून भरली. शेजारी टेकलेल्या गृहस्थांनी विचारलं, "ताई, डब्यात काय? आइस्क्रीम?"

"न्युमोनियाचे जंतू," मी म्हणाले.

औरंगाबादपर्यंत मी अख्ख्या बाकावर पाय पसरून गेले! दामूअण्णांना हवं होतं ते अंतर मला फुकटात मिळालं.

*

पुण्याहून डीएनएचे फोटो आले. काळ्या पट्ट्यांच्या उभ्या रांगा. सविताच्या तिन्ही ठिपक्यांच्या रांगा जवळजवळ सारख्या, एकाच घरातल्या. गज्याची रांग साफ वेगळी.

सरांनी चौघांना बोलावलं. बाहेरच्या लांब बाकावर मायबाप मधे, पोरं दोन टोकांना. सविता भिंतीकडे तोंड करून.

"सविता, तुझा जंतू गज्याला गेलाच नाही," सर म्हणाले. "त्याचा वेगळा आहे. पाण्यातून, मातीतून, कुठूनही आला असेल."

"माझं मन राखायला सांगून राह्यले तुमी."

दामूअण्णांनी फोटो घेतला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहिला. "न्हाई, पोरी. वाण येगळं हाय."

सवितानं फोटो ओढून घेतला. पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत बापाच्या प्लॉटात राबलेली पोर ती. हळूच म्हणाली, "मंग एकच वाण असतं तर गोधडी काढता आली असती?"

सर म्हणाले, "कदाचित."

"आन येगळं हाय म्हणून ऱ्हाऊ द्यावी लागंल. न्हाईतर त्याचं मला, माझं त्याला."

"हो."

आई पुन्हा रडू लागली. सवितानं फोटो बापाच्या मांडीवर ठेवला, आईच्या पिशवीतून आपली औषधाची पुडी काढली, तिथल्याच माठातलं पाणी घेऊन गोळी गिळली. मग बाकावरून उठली आणि व्हरांड्याच्या पार पलीकडच्या पायरीवर जाऊन बसली.

"गज्या!" तिथून ओरडली. "हसनाबाद! द आला तुज्यावर!"

गज्या बाकावर उभा राहून किंचाळला, "दाभाडी!"

दामूअण्णांनी दोघांच्या मधल्या फरशीकडे पाहिलं, मग सरांकडे. "एवढं बराबर हाय का, डॉक्टर?"

"आणखी थोडं," सर म्हणाले.

सविता आणखी दोन पायऱ्या खाली सरकली आणि आवाज चढवला.