हळव्याचं पोतं

गावाचं बियाणं मी शिजवून पाहुण्यांना वाढलं. वर आग्रहही केला, "अजून थोडा भात घ्या ना."

मी अंबरनाथच्या कंपनी क्वार्टर्समधली. तांदूळ रेशनच्या दुकानात उगवतो, एवढंच माझं शेतीचं ज्ञान. ऐंशीचं दशक संपता संपता लग्न होऊन बदलापूरजवळच्या खेड्यात आले. नवरा एमआयडीसीत शिफ्टला, शेती सासूबाई बघत. माझ्या लग्नाआधीच्या वर्षी गणपतीनंतर पाऊस गेला तो गेलाच. उशिरा येणारं गरवं भात उभ्या उभ्या वाळलं. सासूबाईंनी हट्टाने एका तुकड्यात लवकर येणारं हळवं लावलं होतं, गावात तेवढंच पिकलं. ते पोतं त्यांनी घरात खाल्लं नाही. बायकांना जमवलं आणि देवळामागच्या खोलीत सगळ्या गावासाठी बी राखायला घेतलं. ज्या घराला हवं त्याने न्यायचं, पीक आलं की सव्वापट आणून घालायचं.

उन्हाळ्यात खोलीत उंदीर झाले म्हणून हळव्याचं पोतं चार दिवस आमच्या घरी आलं. नेमक्या सासूबाई लेकीकडे गेल्या आणि नवऱ्याचे कंपनीतले मित्र जेवायला टपकले. घरात तांदूळ नव्हता. कोपऱ्यातलं ते पोतं मला घरचं साधं भातच वाटलं; मी सगळंच गिरणीवर भरडायला पाठवलं. सायकलवरून नेलं नवऱ्याने, पण गाढवपणा लागला माझ्याच नावावर.

सासूबाईंनी परत आल्यावर रिकामं पोतं झटकून पाहिलं. "अगो, बी व्हतं ते. गावाचं." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेरणी पंधरा दिवसांवर आली होती, आणि पाऊस यंदाही दगा देणार असं जो तो म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी मी घरोघर फिरले. प्रत्येक दारात तेच सांगितलं, बी मी भरडलं, तुमच्याकडे मूठभर असेल तर द्या. "शिकलेली ना गो तू?" एकीने विचारलं. बी मात्र कुणाकडेच नव्हतं, कारण हळव्याचं ते जाड तांबडं भात लावणं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं. शेवटी डोंगराखालच्या वाडीत एका म्हातारीने छपराला टांगलेला सुका भोपळा उतरवला. आत हळव्याचं बी होतं. "तुझ्या सासूनंच दिल्यालं, लई वर्सं झाली," ती म्हणाली. अर्धं तिने ठेवलं, अर्धं माझ्या पदरात ओतलं. मी तिथेच रडले.

त्या वर्षी त्यातून पिकलेला एक दाणाही आम्ही खाल्ला नाही. पुढच्या वर्षी ते चार घरांना पुरलं, मग आळीला. नंतर एकदा पाऊस पुन्हा गणपतीतच पळाला, तेव्हा जवळजवळ सगळ्या गावाचं हळवं खळ्यावर आलं होतं. सासूबाईंचे गुडघे तोवर थकले होते. खोली आता कुणी बघायची, बायकांनी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. सगळ्या खो खो हसल्या.

"हसताव कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "बियासाठी दारोदार फिरलीय ती हीच एकटी."