डोहात ठेवलेली नाव

देवाशी भांडलेला माणूस त्याच्या कृपेबद्दल लिहायला बसला की त्याला थोडी लाज वाटते. मोगलाईतल्या त्या काळी आमच्या काठाला पूल नव्हता आणि गोदावरी उतरायला माझी एकच नाव होती. उन्हाळ्यात नाव वाळूवर राहिली तर फळ्या वाळतात, सांधे उघडतात आणि नाव कायमची जाते. म्हणून माघ सरता सरता आम्ही तिच्यात दगड भरून तिला डोहात बुडवून ठेवत असू. त्या वर्षी मी थांबलो. फाल्गुनात शनी अमावास्या होती. राक्षसभुवनच्या शनीला जाणाऱ्या यात्रेकरूंना पार केलं तर पुण्य लागेल, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं कारण लोभ होता. अमावास्या झाली आणि पाणी भराभर ओसरलं. नाव वाळूत बसली, डोह पन्नास पावलं दूर राहिला. त्यातच मला हिवतापानं धरलं.

दिवस सुगीचे. नाव ओढायला माणसं मिळावीत म्हणून बायको दारोदार फिरून आली, पण ज्वारीची काढणी उरकली की येतो, असंच सगळे म्हणाले. चौथ्या दिवशी मी कसाबसा नावेपाशी जाऊन बसलो. तळाच्या दोन फळ्यांमध्ये नख शिरेल एवढी फट पडली होती. नाव गेली तर घाट दुसऱ्याकडे जाणार आणि आम्ही पाच जण खाणार काय, एवढंच डोक्यात होतं. शनिमहाराजांचा मला भयंकर राग आला. तुझीच माणसं पार केली, त्याची ही बक्षिसी का, असं मी मोठ्यानं विचारलं. तापाचं निमित्त होतं, पण बोललो ते मनापासून.

दुपारी एक म्हातारा गवळी म्हशी पाण्यावर घेऊन आला. आमच्या भागातला नव्हता. नाव उन्हात का टाकली, असं त्यानं विचारलं. ओढायला माणसं नाहीत म्हटल्यावर त्यानं माझाच दोर घेऊन चार म्हशींच्या गळ्यांत अडकवला. उन्हानं तापलेल्या म्हशी डोहाकडे निघाल्या त्या पाण्यात शिरूनच थांबल्या. दगडही त्यानंच भरले.

नाव बुडू लागली तरी दोर माझ्या हातात होता. दर उन्हाळ्यात मी तो खुंट्याला बांधून ठेवायचो आणि दोन दिवसांआड बुडी मारून नाव चाचपून यायचो. ती फट आठवून आता हात सुटेना.

"सोड आता," गवळी म्हणाला. "तुजं काम झालं. पुडचं त्याला बगू दे."

मी सोडला. तो म्हशी घेऊन निघून गेला. नंतर चौकशी केली, पण आसपासच्या गावांत असा गवळी कुणी पाहिला नव्हता. तो कोण होता हे मी ठरवत बसलो नाही.

ताप उन्हाळाभर रेंगाळला, त्यामुळे बुडी मारणं झालंच नाही. मृगाच्या तोंडावर गावकऱ्यांनी दगड काढले आणि नाव वर आली. फट पार मिटली होती. लाकूड पाण्यात फुगतं, हे मलाही कळतं. तरी मी सगळ्यांसमोर रडलो.

महाराजांनी माझं बोलणं मनावर घेतलं नाही, हे त्यांचे उपकार. शनिवारी तेल वाहायला जातो. पूर्वी माझं मागणं संपायच्या आत तेल संपायचं. आता तेल संपतं, आणि मी काहीच मागितलेलं नसतं.