मिस्त्रींचा जुना फोटो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एका पेशंटच्या पिशवीतून त्याच्या छातीचा जुना एक्स-रे मी काढून घेतला होता. आणि त्या माणसाचं कायमचं म्हणणं होतं, "आधी जुनं बघा सायेब, मग नवं."

हे त्यांच्या धंद्यातलं बोलणं. इंदापूरला स्टँडच्या मागं त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी घायकुतीला यायचा. हे मात्र आधी जळालेल्या तारेचे वेढे एकेक करून मोजत बसायचे. "जुनं मोजल्याबिगर नवं भरलं तर परत जळतीय," म्हणायचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. काम उशिरा देतो, तरी सगळे त्याच्याचकडं जातात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही.

मी बारामतीत एका सेंटरवर एक्स-रे काढतो. मिस्त्रींना दमा होता, नाक कायम चोंदलेलं. पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हटलं, "श्वास आत घ्या, धरून ठेवा." फोटो झाला, मी फोटोची कॅसेट घेऊन निघालो, तर हे अजून छाती फुगवून उभे.

"अहो, सोडा आता!"

"तुमी सोडा म्हनलाच न्हाय की," ते धापा टाकत म्हणाले. मग वर बघून, "ह्या पंख्याचा कंडेन्सर गेलाय. पुढच्या येळी आनतो."

त्यांना इंदापूरच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. फोटो बघून त्यांनी थुंकी तपासायला सांगितली होती, पण मोटरींचा सीझन म्हणून मिस्त्री गेलेच नाहीत. औषधही घेतलं नाही. दोन महिन्यांनी ताप भरला, तेव्हा बारामतीच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं आणि ते परत माझ्याकडं आले. खिशात खरंच कंडेन्सर होता. जुना फोटो दुमडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत घालून पिशवीतून आणलेला.

मी नवा काढला आणि दोन्ही शेजारी लावले. जुन्यात उजवीकडं वर पांढरट डाग होता. नव्यात ती जागा स्वच्छ, आणि डाग डावीकडं खाली.

जुन्यावरचं नाव मी परत वाचलं. आधी एकदा मी दोन पेशंटच्या नावांची अदलाबदल केली होती, आणि सेंटरचे मालक डॉक्टर म्हणाले होते, "परत झालं तर घरी बसा." औषधाशिवाय डाग जातो कसा? पहिल्या खेपेला मिस्त्रींच्या आधी वडगाव निंबाळकरचा एक खोकणारा म्हातारा होता. हा फोटो त्याचाच, नाव चुकून मिस्त्रींचं, असं मी धरून चाललो. म्हणजे म्हाताऱ्याला भलताच फोटो गेला असणार. तेही मला सुचलं, आणि तेही मी दाबलं. बाहेर मिस्त्री तापातच स्टुलावर चढून पंखा दुरुस्त करत होते. मी पुठ्ठ्यांत फक्त नवा फोटो घालून पिशवीत ठेवला आणि जुना माझ्याकडंच ठेवून घेतला.

छातीच्या डॉक्टरांपुढं एकच फोटो गेला. थुंकीत काही सापडलं नाही, तरी क्षयाची औषधं सुरू झाली. तेवढ्या एका फोटोवर कुणालाही तसंच वाटलं असतं.

दुकानाशेजारच्या चहावाल्यानं मिस्त्रींचा ग्लास वेगळा केला. लोक मोटर दाराबाहेर ठेवून लांबूनच बोलू लागले. "बरं झालं," औषधं न्यायला बारामतीला आले तेव्हा मिस्त्री मला म्हणाले, "घाई करनारं कोन न्हाय आता." हसले, आणि दुपारभर माझ्याकडं बाकावर बसून राहिले. त्यांना बसायला दुसरं ठिकाणच उरलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात त्यांची बोटं बधिर झाली. औषधांमुळं असेल, असं सगळे म्हणाले. बारीक तार चिमटीत आहे की सुटली, हे त्यांना बघितल्याशिवाय कळेना. शेवटी ते पुण्याला गेले, आणि तिथून थेट माझ्याकडं आले.

"सायेब, स्कॅनमदी डाग तिसऱ्याच जागी हायेत. दाक्तर म्हंत्यात, ह्ये क्षयाचं न्हवं. रगतातल्या राखनदार पेशी आपल्याच शिरांवर उलटल्यात. त्यात डाग असं फिरत्यात म्हनं. खात्री करायला पयला फोटो मागितलाय. त्यो माज्याकडनं एसटीत हारवला. तुमच्याकडं कापी असंल का?"

म्हणजे अदलाबदल झालीच नव्हती. दोन्ही फोटो त्यांचेच होते. मी न केलेली चूक लपवून बसलो होतो, आणि तो फोटो माझ्या पाठीमागच्या कपाटात होता.

"जुनं सगळं आम्ही संगणकातून पुसतो," मी म्हणालो. हे खरंच होतं.

"तुमी तरी काय करनार. चूक माजीच," म्हणाले आणि माझ्यापुढं हात जोडले.

पुढचे तीन आठवडे रक्ताच्या, नसांच्या तपासण्यांत आणि नसेचा तुकडा काढून बघण्यात गेले. निदान पक्कं झालं, पण तोवर उजवा पंजा मनगटापासून लोंबत होता. त्या दिवशी मी फोटो दिला असता तर हात वाचला असता का, हे मी कुणाला विचारलेलं नाही. उत्तर ऐकायची हिंमत नाही. पुढं आजारानं काळीज धरलं आणि मिस्त्री गेले.

महिन्याभरानं मी इंदापूरला मिस्त्रींच्या घरी गेलो. फोटो पिशवीत होता.

"तुमीच फोटोवालं सायेब व्हय?" मिस्त्रींच्या बायको, वहिनी, म्हणाल्या. "लई नाव काढायचं तुमचं." चहा ठेवता ठेवता त्या बोलत राहिल्या. "त्यो फोटो शेवटपतुर हुडकत हुतं. ट्रंका उपसल्या, डेपोत जाऊन इचारलं. मीबी येक दिवस चिडून बोलले, येवढा येक कागद सांभाळता आला न्हाय का तुमाला? त्या दिवशी जेवलं न्हाईत."

मी चहा प्यालो. पिशवी उचलली आणि बारामतीच्या गाडीत बसलो.

वहिनींना आजही वाटतं की तो फोटो मिस्त्रींनीच हरवला. तसं नव्हतं, एवढं त्यांच्यासमोर बसून सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.