गोड म्हणायची बाटली

“साखर घातलीत तर सोयरीक मोडली म्हणून समजा,” माझा मामा ओरडत होता. त्याचा आवाज असा, की तिकडे हायवेवर एका ट्रकवाल्याने आपलाच हॉर्न अडकला समजून गाडी बाजूला घेतली. माझ्या आईचा हात स्टीलच्या पेल्यावर थांबलेला. हातात चमचा, चमच्यात साखर, आणि पेल्यात जे काही होतं त्यावर माझं लग्न अडलेलं.

सोयरीक माझीच, त्यामुळे तोंड उघडायची मुभा घरात फक्त मला नव्हती.

दोन हजार सतराचा उन्हाळा. आम्ही डहाणूहून तलासरीला मुलीच्या घरी आलो होतो. बरोबर अंगणातल्या झाडाचे चिकू करंडीभर, आणि मामाची बाटली. मुलीच्या आईचं माहेर वाढवणचं, बोटीवाल्यांचं, आणि त्या घरातली रीत अशी, की मुलाकडच्यांनी बाटली आणायची. आधी थोडी धार जमिनीवर, पितरांसाठी. मग मुलीकडच्या सगळ्यात वडीलधाऱ्याने घोट घ्यायचा आणि चारचौघांत एकच शब्द म्हणायचा: “गोड.” तो शब्द पडला की सोयरीक पक्की. नाही पडला, तर चहा घ्यायचा आणि आपापल्या घरी जायचं. बाटली एका बैठकीला एकच, आणि पितरांनी घेतली की ती बदलायची नाही.

आजवर हे सगळं पहाटेच्या ताडीवर निभावलं होतं. पहाटेची ताडी मुळातच गोड. त्यामुळे बाटलीतलं गोड नसलं तर काय करायचं, हा प्रश्न पणजोबा-खापरपणजोबांपासून कोणाच्या डोक्यात आलाच नव्हता. तो प्रश्न आमच्या मामाने आणला, स्कॉटलंडहून.

मामा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. त्याचं जहाज एकदा दुरुस्तीसाठी तिकडच्या एका बेटाजवळ थांबलं, तेव्हा त्याने व्हिस्कीचा कारखाना पाहिला. बाहेरून. पण तो किस्सा सांगताना दर खेपेला तो एक दार आत जायचा. माझं शिक्षण चाललेलं तेव्हा तो अंगणात होता, मला नोकरी लागली तेव्हा भट्टीपाशी, आणि माझी सोयरीक निघाली त्या वर्षी तो थेट पिंपात उतरलेला. डहाणूत परतल्यावर त्याने दुसरा धंदाच धरला नाही. व्हिस्कीविषयी पेपरात चार ओळी आल्या की कात्री घेऊन हजर. जपानच्या व्हिस्कीने स्कॉटलंडला मागे टाकलं ही बातमी आली तेव्हा त्याने दोन दिवस जेवण सोडलं होतं. आपल्या देशातल्या एका व्हिस्कीला बाहेर बक्षीस मिळालं तेव्हा पारनाक्यावर पेढे वाटले, आणि ज्यांना मिळाले ते आजही समजतात की त्याला मुलगा झाला.

त्या बेटावरची एक बाटली त्याने माझ्या सोयरिकीसाठी कपड्यांच्या पेटीत जपून ठेवली होती. “ताडी कोणीही आणेल,” तो म्हणाला. “आपण सिंगल माल्ट नेऊ.”

तसा निरोप त्याने फोनवरून तलासरीला कळवलाही. माझे होणारे सासरे अर्धा दिवस गुजरातीत बोलणारे. त्यांनी ‘सिंगल माल्ट’मधली ‘सिंग’ तेवढी ऐकली आणि खाऱ्या शेंगदाण्यांची गोणी मागवून ठेवली. आम्ही पडवीत बसलो तेव्हा म्हणाले, “सिंग तर आली. माल कुठाय?”

मामाने बाटली उघडली.

आता मी काही वाढवून सांगत नाही. सरकारी दवाखान्यात कोणीतरी बोंबील भाजायला घ्यावेत, असा वास पडवीत पसरला. त्यांचा कुत्रा उठला आणि गुजरातच्या दिशेने जो गेला तो अजून यायचाय. शेजारची बाई टिंक्चरच्या वासाने धावत आली. “कोणाला लागलं हो?” तिने विचारलं. कोणालाच लागलं नाही हे पटेना, म्हणून पट्टी घेऊन दारातच बसून राहिली.

पितरांना धार दिली गेली. पितर काही बोलले नाहीत. मग पेला मुलीच्या आजाच्या हातात गेला.

आजा म्हणजे मुलीच्या आईचा बाप, वाढवणचा तांडेल. बोट त्याच्या शब्दावर निघायची आणि त्याच्या शब्दावर वळायची. जिभेचा पक्का माणूस. सुकी मासळी त्याने कधी ताजी म्हणून विकली नाही आणि कोणाच्या तोंडावर खोटं बोलला नाही. गावात बंदर होणं किती गोड आहे हे समजवायला माणसं आली होती, तेव्हाही सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो ‘नाही’ एवढंच म्हणाला होता. शेवटी त्यांनीच त्याच्याकडे पाणी मागितलं आणि ते पिऊन गेले.

त्याने घोट घेतला. गिळला. पेला खाली ठेवला आणि लांब समुद्राकडे बघावं तसं भिंतीकडे बघत राहिला.

“म्हणा ना, बाबा,” सासूबाई म्हणाल्या.

“काय म्हणू?”

“गोड.”

“नाही.”

तिथेच आईने साखरेचा चमचा उचलला आणि मामा ओरडला. स्कॉच व्हिस्कीत साखर घालणाऱ्या घराशी त्याला नातं नको होतं. आई म्हणाली, “अरे, घर तुझ्या बहिणीचं आहे. साखर मी घालतेय.”

“मग तुझ्याशीही नको,” मामा म्हणाला.

सासऱ्यांनी सुचवलं, दुसरी गोडशी बाटली आणू, पितरांची माफी मागू. पण आणणार कुठून? हायवेपासून पाचशे मीटरच्या आत दारू विकायची नाही असा हुकूम निघालेला, आणि तलासरी म्हणजे हायवेच्या दोन्ही कुशींना चिकटलेलं गाव. दुकानांची शटरं एप्रिलपासून खाली. लोक दारू शोधत पावलं मोजत निघायचे, आणि पाचशे मीटर भरेपर्यंत हुशारीने चालत गुजरातेत पोचायचे, तिथे तर मुळातच बंदी. ताडी आणावी तर ऊन डोक्यावर आलेलं, सकाळची ताडी एव्हाना इतकी आंबली असणार की तिच्यात कैऱ्या मुरवाव्यात.

“पोरगा चांगला आहे,” आजा शांतपणे म्हणाला. “माझं पोराबद्दल काही नाही. दारू वाईट आहे.”

“पोराला काय म्हणायचं ते म्हणा,” मामा म्हणाला. “दारूला वाईट म्हणायचं नाही.”

मी खाली मान घालून बसलो होतो. आतल्या दाराशी ती उभी होती. आम्ही आधी दोनदा बोललेलो, दोन्ही वेळा बस स्टँडवर, दोन्ही वेळा बस लवकर आली. ही बैठक मोडली तर तिसरी वेळ येणार नव्हती. त्यांच्याकडे मोडलेल्या सोयरिकीच्या दारात पुन्हा पाय ठेवत नाहीत.

मामाने मग आजाला शिकवायला घेतलं. “तांडेल, तुम्ही नुसती प्यायलात. आधी नाक लावायचं.”

आजाने नाक पेल्यात घातलं.

“काय येतंय?”

“बोंबील.”

“अगदी बरोबर. आणखी?”

“ओल्या लाकडाचा धूर.”

“वा. आणखी?”

“इंजिनचं डिझेल. कुजका दोर. माझी पावसाळ्यातली गोधडी.”

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत त्याला कोणी इतकं नेमकं उत्तर दिलं नव्हतं. “अहो, हे सगळं आहेच तिच्यात. तिकडे मातीचे तुकडे जाळून धान्याला धुरी देतात. बेटावर खारा वारा. तुम्ही तर जातिवंत चाखणारे निघालात.”

“मग मी म्हणतो काय? गोड नाही.”

दोघांचं सगळ्या गोष्टींवर एकमत होतं, एक शब्द सोडून.

मामाने शेंगदाण्यांचं ताट दूर ढकललं. “हा खारटपणा नडतोय. जीभ कोरी पाहिजे.” मग खिशातून कात्रणं काढली, पण त्यांची गरज नव्हती, सगळी पाठ होती. व्हिस्कीबद्दल बोलायला लागला की तो डोळे मिटायचा, आणि एकदा मिटले की पेपरातली शेवटची ओळ संपल्याशिवाय उघडायचे नाहीत.

“वर्षानुवर्षं पिंपात ठेवतात,” डोळे मिटून तो सांगू लागला. “त्यातली थोडी हवेत उडून जाते. तिला म्हणतात देवदूतांचा वाटा.”

“आमचे पितर उडालेली घेत नाहीत,” आजा म्हणाला. “ओतलेली घेतात.”

“आणि आपल्याकडे उष्णता फार, म्हणून तिकडच्यापेक्षा कितीतरी जास्त उडते. आत्ताच छापून आलं होतं.”

“म्हणजे इथले देवदूत जास्त पितात.”

“तसं नाही हो. उडते म्हणून लवकर मुरते.”

“आमच्याकडे जास्त पिणाऱ्याला मुरलेलाच म्हणतात.”

शेजारची बाई पट्टीआड हसली. मामाला ऐकू गेलं नाही. तो पिंपात उतरला होता: आत काळोख, लाकडाचा गंध, डोक्यावरून व्हिस्की वाहतेय. तेवढ्यात मुलगी आतून आली. शेंगदाण्यांचं ताट उचललं, आजापुढे दुसरं ठेवलं आणि गेली. ताटात काय होतं ते मी पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहत होतो. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं, ते असं, की मी बसल्या जागी अर्धा इंच उंच झालो आणि त्यानंतर कधी पूर्ण खाली आलो नाही.

मामा बराच वेळ पिंपात होता. तिकडून इकडच्या बाजारात स्कॉच किती येते, जकात किती लागते, ती कमी झाली तर डहाणूत कशी नदी वाहील, हे सगळं बंद डोळ्यांनी सांगून झाल्यावर तो बाहेर आला आणि डोळे उघडून म्हणाला, “आता घ्या. छोटा घोट. जिभेवर थांबवा.”

आजाने मिशा पुसल्या. पेला उचलला. छोटा घोट घेतला, जिभेवर थांबवला, गिळला. पडवीत इतकी शांतता, की करंडीतले चिकू पिकताना ऐकू येत होते.

“गोड,” आजा म्हणाला.

सासूबाई रडल्या. आईने हातातली साखर स्वतःच्याच तोंडात टाकली. शेजारच्या बाईने, आणलीच आहे तर, म्हणून सासऱ्यांच्या कोपराला पट्टी बांधली. आणि मामा उभा राहून सगळ्या पडवीला उद्देशून बोलू लागला. “बघा. जीभ कोरी झाली आणि धुरामागचा मध सापडला. याला म्हणतात चाखणं. पेपरात पाठवायला हवं हे.” पुढे कितीतरी वर्षं तो पारनाक्यावर सांगत असे, की वाढवणच्या एका तांडेलाला त्याने अर्ध्या तासात जाणकार केलं. त्या किस्स्यात आता तांडेलही पिंपात असतो.

जेवणं उरकल्यावर मी आजाला हात धुवायला बाहेर घेऊन गेलो. तांब्यातून पाणी ओततानाही माझ्या मनातून जाईना. हा माणूस खोटं बोलत नाही हे सगळा किनारा सांगत होता, आणि ती बाटली गोड नाही हे त्याच्याआधी कुत्र्यालाही कळलं होतं.

“आजोबा,” मी हळू आवाजात विचारलं, “खरंच गोड लागली तुम्हाला?”

आजाने हात झटकले, माझ्याच खांद्यावरच्या रुमालाला पुसले.

“चिकू गोड होते, जावई.”