केंवराची ओटी

पंडरीच्या बाजारातून साडी आणायची आणि फॉल वनमालाबाईंकडून लावून घ्यायचा, हा रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या निम्म्या बायकांचा शिरस्ता. नवरा शेखरराव रेल्वेत होते. ते गेल्यापासून मशीनची घरघर सोडली तर घरात फारसा आवाज उरला नव्हता. मुलगी राधिका कॉलेजात जाते. तिला आईचं मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र हिंदीतून मिळतं.

अशा बाईला उतारवयात बँडचं वेड लागेल असं कोणी म्हटलं असतं, तर आधी त्याच पोट धरून हसल्या असत्या.

सुरुवात झाली पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, गणपतीत. मंडळवाल्यांनी ‘गाण्यांचा कार्यक्रम’ एवढंच फळ्यावर लिहिलं होतं, आणि गाण्यांचा कार्यक्रम म्हणजे ऑर्केस्ट्रा हे आपल्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ऑर्केस्ट्रा म्हटला की फर्माईश आलीच. वनमालाबाईंनी एका जुन्या भावगीताची चिठ्ठी स्टेजवर पाठवून दिली. तिथे उभी होती साध्या कुर्त्यातली केंवरा नावाची मुलगी. सोबत एक गिटारवाला, एक बासरीवाला आणि मातीचा लांबट मांदर ढोल गळ्यात अडकवलेला तिचा नवरा. बँडचं नाव खुमरी, म्हणजे इकडचे गुराखी घालतात ती बांबूची टोपी. केंवरानं चिठ्ठी वाचली आणि अगदी प्रेमानं सांगितलं की, माँजी, हमको तो बस अपने ही गाने आते हैं. मांडव हसला. वनमालाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून जायचं तर सतरंजीवर पुढेच बसलेल्या, आणि गुडघे काही झटक्यात उठू देणारे नव्हेत. म्हणून बसून राहिल्या, आणि दोन-तीन गाण्यांतच रुसवा कुठे गेला ते त्यांना कळलंही नाही.

पुढे पंडरीतल्या दिवाळी मेळ्यात खुमरी गाणार असं कानावर आलं, तेव्हा नेमके त्यांच्याकडचे दोऱ्याचे रीळ संपले. राधिकाच्या कॉलेजात बँड आला तेव्हा मात्र बहाणा सुचेना. राधिकानं आधी नाक मुरडलं, मग नेलं. तिथे पोरापोरींच्या गर्दीत नऊवारी नेसलेली एकच बाई पुढे उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि घरी येताना राधिका मैत्रिणींना अभिमानानं सांगत होती की ती माझी आई आहे.

तिनंच मग ‘छानी’, म्हणजे घराचं छप्पर, हा खुमरीचा अल्बम आईच्या फोनवर घालून दिला. पहिल्यांदा ऐकून वनमालाबाई हिरमुसल्या. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, केंवराचं मधेच खळखळून हसणं नाही. गाणी कशी अंघोळ घालून, भांग पाडून बसवल्यासारखी. पण फॉल लावताना दुसरं करायचं काय? ऐकत गेल्या. आणि मांडवातल्या गोंगाटात जे निसटलं होतं ते एकेक करून सापडू लागलं. त्यातलं एक गाणं होतं ‘दू ठन थारी’, म्हणजे दोन ताटं. माणूस निघून गेल्यावरही बाई सवयीनं दोन ताटं वाढते आणि मग एक मुकाट्यानं उचलून ठेवते, एवढंच त्या गाण्यात. वनमालाबाईंनी मशीन थांबवलं. शेखरराव गेल्यावर कितीतरी दिवस त्यांनीही हेच केलं होतं, आणि राधिकालासुद्धा कळू दिलं नव्हतं. त्या दिवशी त्या मनसोक्त रडल्या, आणि रडून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. त्यानंतर ते गाणं त्यांनी रोज ऐकलं.

मग बातमी आली की खुमरी मुंबईला निघाली. जायच्या आधी नवा रायपुरात शेवटचा कार्यक्रम. वनमालाबाईंच्या मनानं एकदम घेतलं की लेक माहेरून निघाली, तिची ओटी भरायची. पंडरीतून हिरवा खण आणला, नारळ आणला, तांदूळ निवडले. आणि मग हात थबकला. विधवेनं सवाष्णीची ओटी भरू नये. शेखरराव गेल्यापासून हळदीकुंकवाच्या बायकांत त्या मागे मागेच राहत आल्या होत्या. कोणाला सांगावं लागलं नव्हतं, पण कोणी पुढेही ओढलं नव्हतं.

शेजारी राहणारी त्यांची धाकटी जाऊ शारदा. मनानं वाईट अजिबात नाही. ती म्हणाली, “ताई, मी भरते न तुमच्याकडून. पोट्टी नव्या कामाले निघून राहिली. तिचं काही कमी-जास्त झालं तं तुमच्याच जिवाले लागंल.”

हे मात्र वर्मी बसलं. रीतीचा रागबिग ठीक आहे, तो गिळता येतो. पण त्या गोड पोरीला आपल्या हातानं काही झालं तर? वनमालाबाईंनी मान डोलावली.

नवा रायपुराला बस मिळणं म्हणजे नशिबाचीच गोष्ट, म्हणून राधिकानं गाडी ठरवली. उन्हं उतरत होती. स्टेजमागे गिटार जुळवणं चाललं होतं. शारदानं ताट घेतलं आणि केंवराला समोर बसवलं. वनमालाबाई चार पावलं मागे, पदर डोक्यावरून घेऊन, कौतुकानं बघत उभ्या.

केंवरानं त्यांना ओळखलं. दर कार्यक्रमाला पुढे असणारी बाई आज मागे का, असं तिनं विचारलं. वनमालाबाईंनीच सांगून टाकलं, “बेटा, आणलं मीच हाय. पण मले मालक नाही. माझ्या हातून तुले नको.”

राधिका ते हिंदीत सांगायला पुढे झाली, पण केंवराला सगळं कळलं होतं. ती आपल्या छत्तीसगढीत म्हणाली, “मैं अपन दाई के हाथ के खा के बाढ़े हंव. ओकरो हाथ मं चूरी नइ हे.”

आईच्या हातचं खाऊन मोठी झाले, आणि तिच्याही हातात बांगड्या नाहीत. ‘दू ठन थारी’मधली बाई म्हणजे तिची आईच होती. केंवरा उठली, वनमालाबाईंपुढे येऊन बसली आणि कुर्त्याचा घेर दोन्ही हातांनी पुढे धरला.

वनमालाबाईंनी खण ठेवला, नारळ ठेवला. तांदळाची ओंजळ घालताना निम्मे तांदूळ खालीच सांडले. हळद लावली. कुंकवापाशी मात्र बोट वरच्या वर राहिलं. ते पुढे जाईना, मागेही येईना. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

शारदा ताट धरून तशीच उभी होती. तिनं ताट राधिकाच्या हातात दिलं, वनमालाबाईंचं ते बोट आपल्या हातात घेतलं आणि स्वतः कुंकवात बुडवलं.

“लावा, ताई,” ती म्हणाली.